बेशुद्ध असल्याचं मीच सांगितलं

"बेल्स पाल्सी वाटते," रिसालीतले आमचे डॉक्टर म्हणाले. चेहरा हलवणारी नस सुजते आणि अर्धा चेहरा लुळा पडतो. आदल्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून सांडलं, तेव्हापासून माझा डावा डोळा मिटत नव्हता.

"स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तर चेहरा पूर्ववत होण्याची शक्यता जास्त. पण पक्षाघात नाही ना, हे मोठ्या हॉस्पिटलात आधी बघून घ्या."

म्हणजे आमच्याकडे उद्यापर्यंतचाच वेळ होता.

दुसऱ्या दिवशी तोंडावर ओढणी घेऊन मी आईसोबत मोठ्या हॉस्पिटलच्या नोंदणीच्या रांगेत उभी राहिले. वेळ जावा म्हणून युद्धावरची एक विनोदी कादंबरी सोबत घेतली होती. तिचा नायक एक भित्रा सैनिक आहे. तो बूट मागायला जातो, तर त्याला सांगतात, आधी बूट घालून परेड कर, मग बूट मिळतील. मी गालातल्या गालात हसले, तेही एकाच.

आमचा नंबर आला. नोंदणीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायचे होते. याला लाइवनेस टेस्ट म्हणतात. समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे, याची ती खात्री. मी तीनदा प्रयत्न केला. मशीनच्या लेखी मी तिन्ही वेळा जिवंत नव्हते.

"डोळा मिटत नाही असं डॉक्टरकडून लिहून आणा, सूट भेटन," काउंटरवरचे काका म्हणाले.

"डॉक्टर कुठं भेटन?" आईने विचारलं.

"वर. पण पयले नोंदणी लागन."

"अवो भाऊ, डोळा मिटत असता तर आम्ही आलो असतो कावून?"

"मले समजून राहिलं, मावशी. पण या मशीनले कोण समजावन?"

आई रडकुंडीला आली. मला लोकांसमोर बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, म्हणून मी काचेवरची इंग्रजी नोटीस वाचत बसले. बारीक अक्षरांतली ती नोटीस कोणी वाचत नसावं. सहावा नियम होता: पेशंट बेशुद्ध असल्यास सोबतच्या नातेवाइकाचा चेहरा चालेल.

त्या भित्र्या सैनिकाकडे शौर्य नव्हतं. नियम मात्र तो साहेबांपेक्षा नीट वाचायचा. मी ओढणी पुन्हा खाली केली.

"काका, मले बेशुद्ध लिहा."

"काय?"

मी नोटिशीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून नियम वाचला.

"पण पोरी, बेशुद्ध माणूस बोलते काय?"

"बेशुद्धानं बोलू नये, असं कुठं लिवलं हाये?"

मागची रांग हसली. काकाही हसले आणि टाइप करू लागले. आईने कॅमेऱ्यासमोर टपाटप डोळे मिचकवले. कागद निघाला, त्यावर पेशंटची सही हवी होती. ती मी केली.

जिन्यापाशी गार्डने अडवलं. कागदावर बेशुद्ध लिहिलंय, पायी जाता येणार नाही. मग मी स्ट्रेचरवर आडवी झाले, फाइल पोटावर धरून.

"कधीपासून बेशुद्ध?" नसांच्या डॉक्टरांनी कागद बघत विचारलं.

"अर्ध्या तासापासून," मी म्हणाले.

ते खळखळून हसले. मग म्हणाले, "कपाळाला आठ्या घाला." डावी बाजू हललीच नाही. "छान! पक्षाघातात सहसा कपाळ हलतं. ही बेल्स पाल्सीच."

पहिली गोळी त्याच दुपारी घेतली, मुदतीच्या आत. डोळ्यात थेंब, झोपताना पापणीवर पट्टी, आरशासमोर व्यायाम, असं पुढे कित्येक आठवडे चाललं.

तुमचा चेहरा असा एका बाजूला झुकला तर लाजून घरात बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खिडकीवर नाही म्हटलं तरी परत फिरू नका. काचेवरचं सगळं वाचा, आणि आवाज कापला तरी बोला. माझा कापत होता.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी मी गरम चहावर फुंकर घातली. इतके दिवस ती डावीकडून निसटून जायची. त्या दिवशी ती सरळ कपात गेली आणि चहावर लहर उठली.

आई पोळी लाटायची थांबली. "फुंक बरं अजून."

चहा पार थंड होईपर्यंत मी फुंकत राहिले.