बिगोनियावरचे चांगले जंतू

आई सहा महिन्यांसाठी लंडनजवळ पिनरला आमच्याकडे आली होती, तेव्हाची गोष्ट. शेजारचे आजोबा खुब्याच्या ऑपरेशनला निघाले होते. जाताना आपल्या वारलेल्या बायकोचं कुंडीतलं बिगोनियाचं रोप आईच्या हातात देऊन गेले. आईला इंग्रजी जेमतेम, पण "माय वाइफ्स" एवढं तिला बरोबर कळलं.

रोज ती त्याला डोक्यावरून आंघोळ घालायची, तान्ह्या बाळासारखी. थोड्याच दिवसांत पानांवर ओलसर डाग दिसायला लागले, कडा पिवळ्या पडल्या. गार्डन सेंटरमधल्या बाई म्हणाल्या, हा बॅक्टेरियाचा रोग, डागाळलेली पानं काढा आणि पाणी फक्त मातीत घाला. शिवाय चांगल्या बॅक्टेरियांची एक बाटली दिली. ते पानांवर आधी जागा धरतात, मग रोगाच्या जंतूंचं फारसं चालत नाही.

"जंतूंवर जंतू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" आई म्हणाली.

मी फवारा मारून ऑफिसला गेले. संध्याकाळी येऊन बघते तर काय, पानं पिवळीधम्मक! आईसाहेबांनी एकेक पान हळदीच्या पाण्याने पुसून काढलं होतं.

"अगं आई, आपलेच जंतू धुऊन टाकलेस की!" माझा आवाज चढलाच. आईशी बोलताना माझा संयम टिकतच नाही.

ती कुंडीपाशी मटकन बसली. "त्यांच्या बायकोचं आहे गं ते. परत आले की काय तोंड दाखवू मी त्यांना?" तिचे डोळे भरून आले आणि माझा राग कुठच्या कुठे गेला. दोघींनी मिळून पुन्हा फवारलं. त्यानंतर तिने पानांना बोट लावलं नाही. सकाळी उठली की आधी कुंडी बघायची, चहा नंतर. बरीच पानं गेली, पण मग एक कोवळं पान आलं. त्यावर डाग नव्हता.

आजोबा काठी टेकत आले. आईने कुंडी पुढे केली आणि रडवेल्या आवाजात "सॉरी, सॉरी" सुरू केलं. ते त्या पानाकडे बघतच राहिले. मग मला म्हणाले, "त्यांना सांग, बारीक डाग मी आधीच पाहिले होते. रोप माझ्या डोळ्यांसमोर मरू नये, म्हणून इथे ठेवलं."

मी सांगितलं. आई मराठीतच त्यांच्यावर कडाडली, "अहो, मग सांगायचं नाही का! इतके दिवस माझ्या जिवाला घोर!"

आजोबांना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला, आणि आई बोलता बोलता रडायलाच लागली.