कापलेली ओळ

शेजारच्या सुमनताईंच्या कपाटावर पेपरातला एक फोटो चिकटवलाय. त्यात त्यांची नेहा मोर्चात मोबाइल उंच धरून उभी आहे. वसतिगृहात पाणी येत नाही म्हणून मुली कचेरीवर गेल्या होत्या. मागण्या मोबाइलवर लिहिलेल्या होत्या; उन्हात अक्षरं दिसेनात, म्हणून नेहा तो वर धरून वाचत होती. फोटोखाली छापून आलं, ‘मोर्चातही सेल्फीचा मोह’.

“ती ओळ कुठंय?” मी विचारलं.

“कात्रीनं कापली,” सुमनताई म्हणाल्या. “माझी पोरगी तेवढी ठेवली.”

मागण्या सात होत्या. हसायला तीन शब्द पुरले. नेहा नंतर कुठल्याच मोर्चाला गेली नाही.

आमच्याकडेही तोच पेपर येतो. त्या सकाळी ती ओळ वाचून मी हसलो होतो. फोटोतली मुलगी कोण, हे पाहिलंही नव्हतं.