खजिन्यातल्या सुया

माझ्या सासूच्या गालात आतून एक घाव झाला होता आणि तो काही केल्या भरत नव्हता. ती तंबाखू त्याच गालात धरायची. आधी तिनं तो लपवला, मग हळद-तूप लावून पाहिलं, मग महाल पेठेतल्या वैद्याचा काढा घेतला. तिखट तोंडात घालता येईना तेव्हा कुठे तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं, उजेडाकडे तोंड केलं आणि जबडा उघडून दाखवला. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, मला. मी घाबरले, पण घावाला नाही. तिनं तो मला दाखवला याची मला भीती वाटली. नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या घरात लग्नाला काही वर्षं होऊनही मिठाची बरणी कुठे ठेवायची हे मला तिलाच विचारावं लागे.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या थोडी आधीची. नागपूर म्हणजे प्रांताची राजधानी. कचेऱ्या होत्या, कॉलेजं होती, पण या रोगाला औषध नव्हतं. ज्यांना परवडे ते मुंबईला जात, बाकीचे घरी परतत. धंतोलीच्या पलीकडे देणगीवर चालणारा बायकांचा एक दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. त्यांनी सासूचा गाल पाहिला, गळा बोटांनी चाचपला, हात धुतले आणि माझ्या नवऱ्याला बाहेर नेऊन म्हणाल्या, "कॅन्सर आहे. अजून गळ्यात उतरलेला नाही. सुया मिळाल्या तर बरा होईल."

सुया म्हणजे रेडियमच्या. सरकारनं सगळ्या प्रांतासाठी मिळून थोड्याशाच घेतल्या होत्या आणि शिशाच्या पेटीतून त्या या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत. एका रोग्याच्या अंगातून निघाल्या की धुऊन-पुसून दुसऱ्याच्या अंगात जात. त्यांची वाट बघत वऱ्हाडापासून छत्तीसगडापर्यंतची माणसं बसलेली असत. आमची पाळी आली तोवर सासूचा गाल बाहेरून सुजला होता.

शिवायच्या सुईपेक्षा आखूड, राखाडी, नेढ्यात रेशमी दोरा ओवलेल्या अशा त्या सुया डॉक्टरीणबाईंनी तिच्या गालाच्या मांसात एकेक करून रोवल्या. दोऱ्यांची टोकं ओठांतून बाहेर काढून चिकटपट्टीनं गालावर लावली. आठवडाभर त्या तशाच राहायच्या होत्या. तिला बोलता येत नव्हतं. चंचुपात्रातून दूध आणि पेज, एवढंच. "बाई, पाजून झालं की दाराशी बसा, खाटेजवळ नको," नर्सनं मला बजावलं. "काहून?" विचारलं तर म्हणाली, "त्या सुयांत आग आहे. दिसत नाही एवढंच." मग मी दाराशी स्टुलावर बसे आणि सासू खाटेवरून माझ्याकडे बघत राही. तिला हलता येत नव्हतं, मला जवळ जाता येत नव्हतं.

पुढच्या खाटेवर चांद्याकडची एक बाई होती. सगळा वॉर्ड तिला चांदावाली म्हणे. जिभेच्या कडेला तिला गाठ होती आणि सासूनंतर सुया तिलाच मिळणार होत्या. नवरा तिला सोडून धानाच्या कापणीला परत गेला होता. बोलताना तिला त्रास होई, तरी ती बोले. "तुमच्या सासूचं झालं का मंग माह्या तोंडात येतीन त्या," ती मला म्हणे आणि विहिरीवर पुढच्या बाईचा हंडा भरायची वाट बघावी तशी सासूकडे बघे.

सुया काढायला थोडे दिवस उरले असताना एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखे गालावरचे दोरे मोजले. पुन्हा मोजले. एक कमी होता. सासूचं तोंड, उशी, चादर, खाटेखालची फरशी, सगळं पाहून झालं. मग त्यांनी शांतपणे नर्सला सांगितलं, "फाटक लावून घ्या. कुणीही बाहेर जायचं नाही."

रोगी, नातेवाईक, आया, झाडूवाल्या, मळके कपडे न्यायला आलेला धोबी, सगळे आत अडकलो. सासूच्या पोटाचा एक्स-रे फोटो काढला. सुई गिळलेली नव्हती. मग कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, त्या सुयांवर प्लॅटिनमचं कवच असतं, सोन्याहून महाग. तिथून पुढे प्रत्येक जण दुसऱ्याकडे चोर म्हणून बघू लागला.

मेट्रननं बायकांच्या झडत्या घेतल्या. मला एका खोलीत नेऊन लुगड्याच्या निऱ्या सोडायला लावल्या, अंबाडा सोडून केसांत बोटं फिरवली. बाहेर आले तर फाटकाच्या गजांपलीकडे माझा नवरा उभा होता. त्याला आत सोडत नव्हते. मी जवळ गेले.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. त्यानं गज धरले. मग खाली बघत म्हणाला, "तू तर नाही ना घेतली?"

"मी घेऊन काय करू?"

"नाही, विचारून राहिलो फक्त."

मी परत वॉर्डात आले. माझ्या एका बाजूला फाटक होतं, दुसऱ्या बाजूला जिच्याजवळ जाऊ नये अशी सासू. कुठे बसावं तेच कळेना.

दुपारी मेट्रन पुन्हा माझ्याकडे आली. सासूला दूध पाजणारी मी, खाटेजवळ जाणारी मी, तेव्हा पुन्हा एकदा बघायला हवं, असं तिचं म्हणणं. मी उठले. तेवढ्यात सासू खाटेवरून उतरली. ओठांतून दोरे लोंबत होते, गाल टम्म फुगला होता. ती चालत आली, माझं मनगट धरून मला मागे सारलं आणि माझ्यापुढे उभी राहिली. तिला शब्द काढता येत नव्हता. गळ्यातून नुसता एक घोगरा आवाज निघाला. मेट्रन मागे सरकली. सासूला भ्याली की सुयांना, कोण जाणे, पण पुन्हा माझ्याकडे आली नाही.

दुसऱ्या दिवशी सायन्स कॉलेजातले एक प्रोफेसर पितळी डबी घेऊन आले. तिच्या काचेतून आत सोन्याची दोन पातळ पानं दिसत होती. ती एकमेकांपासून फाकलेली असत आणि रेडियम जवळ आलं की मिटत. पण सासू इमारतीत असेपर्यंत पानं कुठेही मिटली असती. म्हणून तिची खाट उचलून आवाराच्या पार टोकाला, टांगे उभे करायच्या पडवीत नेऊन ठेवली. दिवसभर ती तिथे एकटी पडून होती. मला वॉर्डाच्या खिडकीतून तिचे फक्त पाय दिसत. ते हलले की मला बरं वाटे.

मोरीमागच्या नालीवर पानं मिटली. गाळ उपसला तर त्यात दोऱ्यासकट सुई निघाली. चिकटपट्टी ओली होऊन दोरा सुटला होता आणि चूळ भरताना गालातून निसटलेली सुई पाण्याबरोबर वाहून गेली होती. कुणीच चोरलेली नव्हती. फाटक उघडलं. मेट्रन माझ्या शेजारून मान फिरवून गेली.

आम्हाला वाटलं, सुटलो. पण दोनच दिवसांत वरून हुकूम आला की या प्रकाराची चौकशी होईपर्यंत सगळ्या सुया सरकारी खजिन्यात जमा कराव्यात. त्या आत्ताच्या आत्ता काढून पाठवा, असं टेलिफोनवर कुणीतरी सांगत होतं. डॉक्टरीणबाईंचा आवाज व्हरांड्यापर्यंत ऐकू आला, "ज्या तोंडात आहेत, त्यातून मुदतीआधी मी काढणार नाही. मग माझ्यावर काय ती कारवाई करा." सासूची मुदत त्यांनी पुरी केली. त्याच संध्याकाळी शिपाई येऊन पेटी घेऊन गेला.

चांदावालीला त्यांनी स्वतः सांगितलं, "थांबावं लागेल."

"किती?"

"मला सांगता येत नाही, बाई."

इलाज चालू नसलेल्या रोग्याला खाट देता येत नाही, असाही नियम होता. चांदावाली गाठोडं घेऊन व्हरांड्यात बसली. गावी जावं तर निरोप जंगलातल्या तिच्या गावाला पोचेपर्यंत पाळी दुसऱ्याकडे जाणार. राहावं तर कुठे? आम्ही घरी निघालो. टांग्यात पाय ठेवता ठेवता सासू थांबली, व्हरांड्याकडे हात केला आणि सुजल्या तोंडानं म्हणाली, "तिले घे." मला आधी कळलं नाही. तिनं पुन्हा हात केला. मी जाऊन गाठोडं उचललं.

अशी ती आमच्या घरी आली. माजघरात दोघींची अंथरुणं शेजारी शेजारी. सासूच्या गालातला घाव भरत गेला, चांदावालीची जीभ जड होत गेली. ती रिकामी बसत नसे. तांदूळ निवडी, चिंचा फोडी, माझ्या मुलीला मांडीवर घेई. अधूनमधून मी तिला दवाखान्यात नेत असे. उत्तर ठरलेलं, चौकशी चालू आहे. माझे सासरे कौन्सिलातल्या एका ओळखीच्या माणसाकडे जाऊन आले. तो म्हणाला, कागद वर गेलेत. पुढच्या खेपेला म्हणाला, खाली आलेत, पण सही राहिली आहे.

सासूला आता वरण-भात खाता येऊ लागला. ती चांदावालीसमोर जेवेना. ताट घेऊन चुलीजवळ भिंतीकडे तोंड करून बसे. एक दिवस चांदावालीच उठून तिथे गेली.

"माय, माह्या समोर जेवत जा," ती म्हणाली. "दुसरं माणूस पोटभर जेवते, हे पाह्यलं का मले बरं वाटते."

सासूनं ताट उचललं आणि माजघरात आणलं. पण त्या दिवशी निम्मा भात तिनं ताटातच ठेवला.

एकदा मी चांदावालीचे केस विंचरत होते. तिनं विचारलं, "सुई तुमच्या सासूच्या तोंडातून पडली. सापडली बी. मंग माहं काहून अडलं वं?" सासू भिंतीपलीकडे सुपानं तांदूळ पाखडत होती. ते थांबलं आणि बराच वेळ पुन्हा सुरू झालं नाही.

हिवाळा सरता सरता बाजारात मृग बहाराची संत्री आली तेव्हा पेटी परत आली. चौकशीत कुणाचा दोष निघाला नव्हता. मी तिला त्याच दिवशी घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तिचा गळा चाचपला आणि त्यांची बोटं एका जागी थांबली. मग दुसऱ्या बाजूला चाचपलं.

"आता एकट्या सुयांनी भागणार नाही," त्या म्हणाल्या. "मुंबईला किरणांच्या यंत्रानं शेकतात. मी चिठ्ठी देते."

चांदावाली हसल्यासारखी झाली. "नागपूरच माही मुंबई होती, बाई," ती म्हणाली.

नवरा येऊन तिला घेऊन गेला. सासूनं तिची ओटी भरली. दोघी एकमेकींचे हात धरून दारात उभ्या होत्या. दोघींनाही नीट बोलता येत नव्हतं. पावसाळ्याआधी तिचा नवरा पिशवीभर जवस घेऊन आमच्या दारात आला. ती गेली, एवढं सांगून पाणी प्याला आणि स्टेशनावर गेला.

पुढच्या हिवाळ्यात दवाखाना बघायला मोठे साहेब येणार होते. प्रांताला आणखी सुया हव्या होत्या, आणि इलाजानं बरं झालेलं माणूस दाखवलं तर त्या मिळण्याची आशा होती. डॉक्टरीणबाईंनी सासूला बोलावलं. साहेबांनी वाकून तिच्या तोंडात पाहिलं. सोबतच्या कारकुनानं विचारलं, "कसं वाटतं, बाई?"

तिचा गाल आखडला होता, शब्द वाकडे येत. ती काहीतरी म्हणाली. कारकुनाला कळेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं, "त्या म्हणतात, मी बरी आहो. माह्या मागची मेली. सुया खजिन्यात होत्या म्हणून."

कारकून साहेबांना इंग्रजीत म्हणाला, बाई आभार मानते आहे. तेवढं इंग्रजी मला कळत होतं. डॉक्टरीणबाईंनाही कळत होतं. त्यांनी त्याला मध्येच थांबवलं आणि राहिलेलं स्वतः साहेबांना सांगितलं. साहेबांनी मान हलवली, वाईट झालं असं काहीसं म्हणाले आणि पुढच्या वॉर्डाकडे वळले.

पुढे काही सुया आल्या. हरवली तर सगळ्या जमा करायच्या, हा नियम मात्र गेला की राहिला, ते आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही. कुणी देणगीदार आला, कुणी अंमलदार आला की दवाखान्यातून सासूला बोलावणं येई. तिला जायचं नसे. जबडा उघडून परक्यांना दाखवायची तिला लाज वाटे. मी एकदा म्हटलं, "आत्याबाई, नका जाऊ. तब्येतीचं सांगून पाठवू."

"मी नाही गेली तर कोणाले दाखवतीन?" ती म्हणाली आणि धुतलेलं लुगडं मागितलं.

मग आम्ही दोघी टांग्यात बसून जात असू. ती तोंड उघडे, ते पाहत, आणि कसं वाटतं विचारलं की ती तेवढंच म्हणे. ते साऱ्यांना कळेल असं सांगण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि ती होती तोवर ते मी केलं.