दुपारची भाकर

गोरेगावजवळच्या तांड्यावर बेबीबाई अंगणवाडी चालवायची. गरोदर बाईनं दूध, अंडी, सफरचंद खावं, असं वरून आलेल्या तक्त्यात छापलेलं होतं. तक्ता काढणाऱ्यानं तांडा पाहिलेला नसावा. पाहिला असता तर निदान सफरचंद तरी खोडलं असतं. बेबीबाईनं तो भिंतीला लावला आणि आपल्या अकलेनं काम सुरू केलं. ती कुणाला रागवत नसे. चुलीपुढं बसून आज काय रांधलं, एवढंच विचारायची.

अठ्ठ्याण्णव साली निलमला सातवा लागला, तरी अंगावर मांस नव्हतं. पोटातलं लेकरू जगेल की नाही, या काळजीनं बेबीबाईचा जीव टांगणीला लागला. निलमची सासू भाकरी थापून, दुरडीत झाकून शेतावर जायची. निलमला ताटावर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवत जा म्हटलं की ती नुसती मान हलवायची. शेवटी बेबीबाईला युक्ती सुचली. तांड्यात पाहुण्याला एकट्याला जेवू देत नाहीत, घरच्यानं सोबत बसायचंच. ती रोज भर दुपारी जाऊन म्हणू लागली, "निलम, भूक लागली गं. वाढ काहीतरी."

निलम अर्धी भाकर तिला वाढी, अर्धी आपण घेई. सोबत चटणी, कधी पातळ वरण. पोरगी जेवायला लागली म्हणून बेबीबाई मनातून फुशारली. अंगणवाडीच्या बैठकीत तपासणीला येणाऱ्या मोठ्या बाईंना तिनं सांगितलंही. दुसऱ्याच्या घरची दुरडी उघडून पाहणं मात्र तिच्या रीतीत बसत नव्हतं.

लेकरू झालं ते दीड किलोचं. नवव्या दिवशी गेलं.

त्यानंतर बेबीबाई भेटायला गेली तेव्हा निलम बाजेवर पडून होती. तू उठू नको म्हणत तिनं स्वतःच दुरडीवरचं फडकं काढलं. आत एकच भाकर होती. बाकीच्या कुठं गेल्या, तिनं विचारलं.

"दुपारची येकच असती बाई," निलम म्हणाली. "माझ्या वाटची. पयल्यापासून."

दोन महिने आपण या पोटुशीच्या तोंडचा अर्धा घास खाल्ला आणि वर तिला जेवू घातल्याचं मिरवलं. काहून बोलली न्हाईस, एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"पाव्हण्याला कसं म्हणावं? अन् तुमी यायच्या म्हणून बसून खात होते. न्हाईतर उभ्या उभ्याच."

निलम उठून बसली. भाकर मोडून तिनं अर्धी बेबीबाईपुढं धरली. आपण घेतली नाही तर ही जेवायची नाही, हे बेबीबाईला ठाऊक होतं. तिनं ती घेतली.