यी-थोंगचा पत्ता

चिन-फेंगताई आमच्या समोर राहतात. नवरा बोटीवर गेला तो परत आला नाही. तेव्हापासून त्या लोकांची मुलं सांभाळतात. आजवर अकरा झाली, आणि अकराच्या अकरा डायपर सोडून बालवाडीत गेली, हे त्या कुणी न विचारताही सांगतात.

बारावी यी-थोंग. तीन वर्षांची झाली तरी पॉटीवर शू करेना. ताई शीळ घालायच्या. बाकीच्या मुलांना तेवढं पुरायचं. ही टाळ्या वाजवायची. "आजी, अजून एक!" मग उठून चपलांच्या कपाटामागे जायची आणि काम उरकायची.

बालवाडी ऑगस्टच्या शेवटी सुरू होणार होती, आणि डायपरवालं मूल घेणार नाही असं तिथल्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. सप्टेंबरात ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. पोरीला बालवाडीत घेतलं नाही, तर तिच्या आईला दवाखान्यातली नोकरी सोडावी लागणार होती.

पंधरा दिवस उरले तेव्हा मी दोघींना मुलांच्या देवीकडे घेऊन गेले. ताईंनी उदबत्ती लावली, पोरीचं नाव, पत्ता, जन्मतारीख सांगितली, डायपर सुटेल का विचारलं आणि कौलाच्या लाकडी दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकल्या. एक उताणी, एक पालथी म्हणजे हो. दोन्ही उताण्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा उताण्या.

"देवी हसतेय," मी म्हटलं.

"हसू दे. तिला काय, फरशी मला पुसावी लागते!"

यी-थोंग डोळे फाडून बघत होती.

दुसऱ्या दिवशी पॉटीवर बस म्हटल्यावर तिने पायातल्या चपला काढल्या. "देवीला विचारते." ताई कंटाळल्या होत्या. "विचार बाई," म्हणाल्या. चपला पडल्या, दोन्ही पालथ्या. म्हणजे नाही. तीनदा टाकल्या, तिन्ही वेळा पालथ्या. ताईंनी पोरीला निमूट डायपर बांधला आणि माझ्याकडे आल्या.

"वहिनी, तीन वेळा 'नाही' आलं. आता मी कोण सांगणारी?"

"अहो, चपलांचा कधी कौल असतो का?"

"विचार म्हणाले ना मी. माझ्याच तोंडाने."

त्यांची चूक तीच होती. एकदा विचारायला सांगितलं की उत्तर मानावं लागतं. मीही तेच मानते. मला थोडा विचार करावा लागला.

"पण तिने पत्ता सांगितला होता का? पत्ता नाही तर उत्तर कुणाला द्यायचं, ते देवीला तरी कसं कळणार?"

ताईंचा चेहरा खुलला. "म्हणजे पॉटीवर बसून आधी पत्ता सांगायचा, मग विचारायचं!" मग अडल्या. "पण संडासात देवीचं नाव..."

"नाव नका घेऊ. तिथे फक्त पत्ता. नमस्कार हात धुतल्यावर."

संध्याकाळी मी तिथेच होते. पोरगी बसली. ताई एकेक शब्द सांगत होत्या, ती मागून म्हणत होती. "लिन यी-थोंग. लुकांग. मिठाची पेठ. अडतिसावी गल्ली." तिथे ती अडखळली. "आठवा... आठवा..."

"सातवा."

"सातवा नंबर. दुसरा..." आणि ती थांबली. पॉटीत आवाज आला. तिने वाकून खाली पाहिलं, मग आजीकडे पाहिलं. "दुसरा मजला," तिने पुरं केलं.

चपला टाकायची आठवण त्यानंतर तिलाही राहिली नाही आणि आम्हीही करून दिली नाही. आठ दिवसांत कपाटामागची फरशी कोरडी झाली. देवीला चिकट तांदळाचे लाल पेढे नेऊन ठेवले.

ऑपरेशननंतर ताई खाटेवर होत्या तेव्हा यी-थोंगची आई भेटायला आली. म्हणाली, "मावशी, बालवाडीच्या बाईंनी बोलावलं होतं. ही तिथेही पूर्ण पत्ता म्हणते. आता वर्गातली सहा मुलं आमचाच पत्ता म्हणत शू करतात."

"मग ओरडल्या का?"

"नाही. ज्याचा त्याचा पत्ता पाठ करून पाठवा, एवढंच म्हणाल्या."

ताईंनी उशी सारखी केली. "बारा झाली," मला म्हणाल्या.