अक्षरांचा चष्मा

गल्लीतले लोक त्याला पाठीमागे ‘होहो’ म्हणायचे. तोंडावर म्हटलं असतं तरी त्याला कळलं नसतं.

कोपऱ्यावर त्याचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. केस पिकावेत तसं हळूहळू त्याला ऐकू येईनासं झालं. आधी मागच्या बाकावरच्या गप्पा गेल्या, मग पंख्याची घरघर, मग हातातल्या कात्रीची करकर. त्यानं कुणाला सांगितलं नाही. आरशात गिऱ्हाइकाचे ओठ दिसायचे, त्यावर निभायचं. पण गिऱ्हाइकानं मान खाली घातली किंवा गालांवर फेस चढला, की ओठही गेले. मग तो नुसतं “हो हो” म्हणायचा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचं.

एकदा मात्र भागलं नाही. शाळेतले चित्रकलेचे मास्तर दाढीला बसले होते. फेसातून काहीतरी बोलले. हा हसून म्हणाला, “वा, छान झालं की!” मास्तर अर्ध्या दाढीनिशी उठले, तोंड पुसलं आणि चालते झाले. ते आई गेल्याचं सांगत होते, हे त्याला त्यांच्या दारातली माणसं पाहून कळलं. माफी मागायची, तर आधी बहिरेपण कबूल करावं लागणार. ते काही जमलं नाही. मास्तर पुन्हा आले नाहीत, आणि हाही ओठ मिटून काम करू लागला. बायको केव्हाच गेली होती, त्यामुळे घरी बोलायला कुणी नव्हतंच.

प्रदर्शनाला तो गेला, तेही असाच हो म्हणून. सुतार त्याचा जुना दोस्त. केस कापून घेताना त्यानं काहीतरी विचारलं, हा हो म्हणाला. रविवारी सकाळी सुतार इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर.

“चल की! विसरलास?”

कुठे, हे विचारायची सोय नव्हती. चपला चढवल्या आणि निघाला.

बस एका मोठ्या हॉलपाशी थांबली, तेव्हा पाटी वाचून उलगडा झाला. घरगुती वापराच्या नवनव्या यंत्रांचं प्रदर्शन होतं. आतले स्टॉल सुतारानंच उभे केले होते. कुठलीशी फळी सैल झाली म्हणून त्याला दारातूनच कुणीतरी ओढून नेलं, आणि हा एकटा उरला.

काय काय होतं तिथे! चटईसारखा गुंडाळता येणारा टीव्ही. आत काय शिळं झालंय ते सांगणारा फ्रिज. पालीसारखी काचेला चिकटून ती पुसत जाणारी चकती. एका आरशात पाहिलं, तर त्याच्या टकलावर दाट काळे केस. बोट लावलं की भांग बदलायचा. “बुडाला आपला धंदा,” तो स्वतःशीच म्हणाला आणि आणखी एकदा भांग बदलून पाहिला. दाखवायला शेजारी कुणी नव्हतं. बाकीचे सगळे घोळक्यानं आले होते, एकमेकांना कोपरानं ढोसत होते. तो घोळक्यांच्या कडेला थांबायचा आणि लोक हसले की हसायचा.

शेवटच्या रांगेत एका मुलीनं त्याच्या नाकावर चष्मा ठेवला. काचेवर अक्षरं उमटली: काका, नीट बसला का?

आधीच काही लिहून ठेवलं असेल, असं त्याला वाटलं. मुलगी हसली. पुन्हा अक्षरं: लिहिलेलं नाही, मी बोलतेय तेच दिसतंय.

त्यानं मान वळवली. आई, उचलून घे ना. तुझ्या बहिणीला कशाला सांगितलंस? इथे चहा कुठे मिळतो? लोकांचं साधं, फालतू बोलणं. तो हावरटासारखा वाचत राहिला.

“कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?” मुलीनं विचारलं.

इथे हो म्हणून चालणार नव्हतं. “बरीच वर्षं झाली,” तो म्हणाला. “कुणाला माहीत नाही.” आवाज चढला असावा, कारण आसपासची माणसं वळून बघू लागली.

तेवढ्यात सुतार आला आणि मुलीशी बोलू लागला. त्याचंही बोलणं काचेवर उतरलं: “त्रास देत नाहीये ना? ऐकू येत नाही त्याला. गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला वाईट वाटेल म्हणून कुणी विषय काढत नाही.”

होहोनं ओळ शेवटपर्यंत वाचली.

“मास्तरांनाही ठाऊक आहे?”

सुतार चपापला. मुलीनं चष्म्याकडे बोट दाखवलं, तसं त्याच्या लक्षात आलं. “मीच सांगितलं त्यांना,” तो म्हणाला. “आता त्यांनाच तुझ्यासमोर यायची लाज वाटते.”

चष्मा अजून विक्रीला आला नव्हता. त्यानं तो काढून परत दिला. मुलगी काहीतरी सांगत होती. तिचे ओठ नुसतेच हलत राहिले.

परतताना बसमध्ये सुतार खिडकीकडे तोंड करून काही बोलला. ओठांवर आलेलं ‘हो’ होहोनं गिळलं. “ऐकू आलं नाही. इकडे बघून बोल.”

सुतार वळला आणि सावकाश म्हणाला, “कानाच्या डॉक्टरकडे जाऊ या का, विचारत होतो.”

डॉक्टरनं कानात घालायचं छोटं यंत्र दिलं. सगळं काही परत आलं नाही. शब्द तुटक यायचे, कात्री मात्र अशी करकरली, की पहिल्या दिवशी हातातून पडली. तो मास्तरांच्या घरी जाऊन आला. दोघं समोरासमोर बसले. मास्तर बोलले त्यातलं निम्मं कळलं, पण दाढीला ते दुसरीकडेच जात राहिले. सलूनमध्ये तो आता खुर्चीत बसणाऱ्याला आधीच सांगायचा, “ऐकू कमी येतं, समोर बघून बोला.” माणूस मान डोलवायचा आणि मोबाइल काढायचा. त्याच्याशी न बोलण्याची सवय लोकांना झाली होती.

संध्याकाळी तो घरी यायचा. इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं, की घर शांत आहे ते आपल्या कानांमुळे. आता स्वतःच्या चपला वाजायच्या, नळ वाजायचा, खुर्ची सरकायची, आणि तो बसला की सगळं थांबायचं. एकदा यंत्र काढायला हात कानाकडे गेला. तेवढ्यात भिंतीपलीकडे कुणीतरी भांडी घासायला घेतली. मधूनच एक बाई काहीतरी म्हणाली, कुणीतरी तिला हसून उत्तर दिलं. शब्द कळले नाहीत. भांडी होईपर्यंत तो जागचा हलला नाही.