कडेची रांग

हिमाचलात दिलेल्या माझ्या मावसबहिणीनं सफरचंदाच्या बागेतली फवारणी बंद केली आहे. आम्ही बागेत होतो तेव्हाच शेजाऱ्यानं मात्र पंप सुरू केला आणि औषधाचे तुषार कुंपण ओलांडून तिच्या कडेच्या झाडांवर उतरले.

"ही रांग सेंद्रियात धरत नाहीत," ती म्हणाली. "आम्ही इटलीतल्या बागा पाहून आलो, तिथंही कडेचं फळ वेगळंच काढतात."

जगभर बागा सेंद्रिय होत चालल्या आहेत म्हणे. म्हणजे अशी रांगही जगभर उभी असणार, ना या बागेची ना त्या बागेची. झाडाला जरा मागं सरकताही येत नाही.

घरी तिनं फोडींची बशी पुढं केली. "आतली फळं विकतो. कडेची आपल्याला."

मी फोड उचलली. गोड होती.